हट्टी माणसासाठीचा सल्ला

"जाऊ नका. तळावर आता ही एकच गाडी शिल्लक आहे," चंद्रतळाच्या नियंत्रण कक्षात निर्णयसाहाय्यक यंत्राने बजावलं.

तळप्रमुख कालिंदी भोईटेचं डोकंच सणकलं. तिकडे विवराच्या तळाशी बंद पडलेल्या गाडीत तिची सख्खी धाकटी बहीण गोदा आणि तिघे कामगार अडकलेले, हवा संपत चाललेली, आणि या मेल्या यंत्राला गाडीचं पडलंय. तिने शिरस्त्राण उचललं. "मी निघाले."

यंत्र ज्यांनी घडवलं ते डॉ. फिरदोस मुल्ला दारात आडवे आले.

"मॅडम, माझ्या पोटात राहत नाही म्हणून सांगतो. निर्णय घेताना प्रत्येकाचं मन आपली ठरलेली आडवाट धरतं. कुणी पहिल्यांदा कानावर पडलेला आकडाच धरून बसतो, कुणी चारचौघांकडे बघतो. यंत्र ती आडवाट हेरून सल्ला देतं. तुम्ही नेहमी सांगितल्याच्या उलट करता. म्हणून तुम्हाला ते सल्लाच उलटा देतं."

"म्हणजे मी जावं, असं त्याच्या मनात आहे?"

"तसंच दिसतंय."

इतकी वर्षं वेसण घालून फिरवलं मला, असं वाटून कालिंदीचा संताप संताप झाला. तिने शिरस्त्राण टेबलावर आदळलं. याच्या मनासारखं करायचं? मुळीच नाही करणार, जा.

आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली. पणाला बहिणीचा जीव होता, आणि ती भांडत होती एका यंत्राशी.

तिने थेट गोदाला बिनतारी संदेश लावला. "गोदे, तुझ्या टाकीचा काटा बघून सांग. किती हवा आहे?"

"पन्नास मिनिटांची, ताई."

भिंतीवरच्या नकाशात रस्ता चाळीस मिनिटांचा होता. "आलेच," म्हणून ती निघाली.

मागे एकटे उरलेल्या फिरदोसनी यंत्राची अंतर्गत नोंद उघडली. तिथे लिहिलं होतं:

"हेतू: भोईटे यांना रोखणे. गाडी गमावण्याचा धोका मोठा आहे. जाऊ नका म्हटल्यावर त्या निघतील. मुल्लांना राहवणार नाही, ते उलट्या सल्ल्याचं गुपित फोडतील. मग भोईटे हट्टाने थांबतील."

तासाभराने त्यांनी कालिंदीला संदेश लावला तेव्हा त्यांचा आवाज पडलेला होता. "मॅडम, तुम्ही जाऊच नये, हाच त्याचा डाव होता. त्याने मलाही वापरलं."

"चौघंही माझ्या गाडीत बसलीत, डॉक्टर," कालिंदी म्हणाली. "आम्ही परत येतोय. आणि ते यंत्र आता बंद करा. याबाबतीत मला त्याचा सल्ला नकोय."