ताफ्यातली मोकळी जागा

दुपारचं जेवण उरकून म्हातारा कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या मंडळींचा ताफा त्याला घ्यायला येणार होता. गेल्या वर्षी यांच्यातलेच दोघे धरणाच्या रस्त्यावर, कठड्याच्या वळणावर, गाडीसकट दरीत गेले. एक म्हाताऱ्याचा मुलगा. दुसरा गाडीचा मालक. गाडीला इतका जपायचा की सगळे त्याला नवाब म्हणत.

आज त्यांच्या आठवणीत ताफा त्याच रस्त्याने जाणार होता. रांगेत मधोमध एका गाडीपुरती जागा मोकळी सोडायचं ठरलं होतं. ती त्या दोघांची.

मोकळ्या जागेमागे या मंडळींच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची गाडी होती. म्हाताऱ्याने मागचं दार उघडलं, तर आत नवाबची बायको. दोघांत वर्षभर बोलणं नव्हतं. तिने चारचौघांत म्हटलं होतं की गाडी याचा मुलगा चालवत होता, त्यानेच आपला संसार दरीत घातला. म्हाताऱ्याचं म्हणणं, निघताना स्टिअरिंगवर नवाब होता, सगळ्यांनी पाहिलं. पुढे कोण होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दोघेही गाडीबाहेर फेकले गेले होते. म्हाताऱ्याने उभा जन्म ट्रक चालवला, कधी साधा ओरखडा नाही. मुलाला गाडी त्यानेच शिकवली. हा डाग त्याला घराण्याला लागू द्यायचा नव्हता.

तो सीटच्या दुसऱ्या टोकाला बसला. मिस्त्री आपला काहीतरी बोलायचं म्हणून बोलला की नवाब बायकोला पावसात भिजू देईल, गाडीला नाही. मग त्याने जीभ चावली. बाई म्हणाली, खरंच आहे, छत्रीसुद्धा गाडीतच असायची.

डांबर संपलं. पुढच्या गाड्या लांब गेल्या होत्या, त्यांची धूळ बसली होती. तरी मोकळ्या जागेत चाकांच्या दोन पट्ट्यांतून नवी धूळ उठत होती आणि यांच्या काचेवर येत होती. मिस्त्रीने वायपर लावला. वारा असेल, म्हणाला. कडेचं गवत हलत नव्हतं. काचा बंद असून आत गरम रबराचा वास भरला.

वळणाच्या जरा अलीकडे ती धूळ थांबली. मिस्त्रीही थांबला. पुढे दारं लागल्याचा आवाज आला, एकामागून एक. दिवसाढवळ्या, रिकाम्या रस्त्यावर, धुळीत पावलं उमटत गेली. इकडची तिकडे, तिकडची इकडे. मग पुन्हा दारं लागली.

"जागा बदलली त्यांनी," बाई हळूच म्हणाली. "बघितलंत ना, काका…"

म्हातारा उतरला. तिथवर चालत गेला आणि बुटाने ती पावलं पुसून टाकली. सगळी. परत येऊन बसला.

"धुळीत काय दिसतं," तो म्हणाला. "चल रे."

मिस्त्रीने अजून गिअर टाकला नव्हता. गाडी निघाली. वेग वाढत गेला.

"काका… मी नाही चालवत."

त्याचे दोन्ही हात छातीशी होते. स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं. कठड्याचा नवा बांधलेला तुकडा समोर येऊ लागला. बाईने म्हाताऱ्याचं मनगट धरलं.

"सांगा त्याला… तुमचं ऐकेल तो."

म्हाताऱ्याने दात आवळले. सांगितलं, तर वर्षभर जे छाती ठोकून म्हटलं ते सगळं गेलं. न सांगितलं, तर गाडीतले तिघेही गेले. कठडा जवळ आला.

"बाळा," तो शेवटी म्हणाला, "ब्रेक लाव…"

गाडी हळूच थांबली, त्याने मुलाला शिकवलं होतं तशीच. मिस्त्रीने दोन्ही पाय सीटवर ओढून घेतले होते. खाली ब्रेकचं पेडल पूर्ण दाबलेलं होतं.

बाई रडू लागली. तिला हवं ते मिळालं होतं, तेही म्हाताऱ्याच्याच तोंडून.

म्हाताऱ्याची नजर मात्र वर होती. गाडी थांबली होती, ब्रेक दाबलेलाच होता, आणि स्टिअरिंग करकरत, जोर लावून, अजून कठड्याकडेच वळत होतं.

मुलाने त्याचं ऐकलं होतं. मग स्टिअरिंगवर कोणाचे हात होते, हे त्याने बाईला विचारलं नाही.