लेडी ओरिनचा आचारी

रविवारची प्रार्थना आटोपून व्हर्लिन आणि तिचा नवरा केस्टर चर्चच्या पायऱ्या उतरले, तर खाली तांती इस्मे छत्री टेकून उभी. तांती म्हणजे साऱ्या गावाची मावशी. तिला नाही म्हणायची टायरेल बेमध्ये कुणाची छाती नव्हती, आणि ती फार काही मागतही नव्हती. लेडी ओरिन ही मालवाहू बोट वादळात बुडाली तेव्हा तांतीचा एकुलता एक मुलगा, एल्डन, तिच्यावर आचारी होता. बोट अजून प्रवाळाच्या पलीकडे तळाशी आडवी पडली होती. एल्डन मात्र सापडला नव्हता. येत्या शनिवारी तांती त्याचा दगड बसवणार होती.

कारियाकू बेटावर माणूस मेला म्हणून लगेच मोकळा होत नाही. कबरीवर दगड बसतो, गावजेवण होतं, तेव्हा कुठे तो घराचा उंबरा सोडतो. तोवर घराभोवतीच घुटमळतो, असं सगळेच मानतात आणि चारचौघांत कुणी कबूल करत नाही. पण रिकाम्या खड्ड्यावर दगड कसा बसवायचा? तेव्हा बोटीच्या भटारखान्यातलं एल्डनचं पातेलं तेवढं आणून द्या, पुरायला काहीतरी होईल, एवढंच तांतीचं म्हणणं. व्हर्लिन हो म्हणाली. तांतीने मग केस्टरला जरा बाजूला घेतलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

नवराबायकोचा धंदाच पाण्याखालचा. पर्यटकांना हवेच्या टाक्या बांधून प्रवाळ दाखवायचं, कासवं दाखवायची आणि कशाला हात लावू न देता वर आणायचं. केस्टर मोठा बोलका गडी. पाण्यात उतरल्यावरच याचं तोंड बंद होतं, म्हणून मी हा धंदा काढला, असं व्हर्लिन पाहुण्यांना सांगायची आणि तोच सगळ्यांत मोठ्याने हसायचा. बुडालेल्या बोटीत शिरताना वर एक माणूस राखणीला ठेवा, हे लोकांना बजावणारे हे दोघे त्या दुपारी मात्र दोघेच निघाले. घरच्या कामाला कुठे माणूस शोधत बसायचं?

समुद्र तेलासारखा शांत होता. बुडालेल्या बोटीच्या खुणेसाठी सोडलेल्या तरंगत्या पिंपाला होडी बांधली आणि केस्टरने रमची बाटली काढली. मेलेल्याची वस्तू उचलायची तर आधी पाण्यात रम ओतायची, त्याचं नाव घ्यायचं, काय नेतोय ते सांगायचं आणि तू आहेस तिथेच नीज म्हणायचं. हे शेवटचं चुकवायचं नसतं. केस्टरने रम ओतली आणि म्हणाला, "एल्डन, चल रे घरी. आई जेवायची थांबलीय."

व्हर्लिनच्या हातातला मास्क तसाच राहिला.

"असं म्हणतात का? नीज म्हणायचं असतं त्याला."

"तांतीनंच सांगितलं, नेमके हेच शब्द म्हण. म्हातारीचा एवढा हट्ट पुरवला तर काय बिघडलं?"

"पुन्हा ओत, आणि नीज म्हण."

"उरलीय ती माझ्या वाट्याची. एल्डनची पिऊन झाली," असं म्हणून त्याने बूच लावलं, तिला डोळा मारला आणि पाठीवर टाकी घेऊन पाण्यात कोसळला. आता पाण्यात भांडता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

लेडी ओरिन कुशीवर झोपली होती. तिच्या पोटातल्या सिमेंटच्या गोण्या केव्हाच दगड झाल्या होत्या आणि त्यांची राखाडी भुकटी सगळीकडे साचली होती. दाराच्या चौकटीला दोरी बांधून व्हर्लिन पुढे निघाली. अशा ठिकाणी एकच रीत. पुढच्याने दोरी सोडायची नाही आणि मागच्याने पुढच्याची पोटरी सोडायची नाही. गाळ उठला की डोळे फुकट, मग सगळं बोलणं त्या हातानेच. पुढे ढकललं की चल. एकदा दाबलं की थांब, मी अडकलोय.

बोळ अरुंद होता. भिंत होती तिथे जमीन आणि छत होतं तिथे भिंत, त्यामुळे ओळखीची गोष्टही अनोळखी वाटत होती. त्यांच्या श्वासाचे बुडबुडे वर जाऊन गंजलेल्या पत्र्याला लागले की गंजाचे पोपडे हळूच खाली येत. कुठेतरी आत एक पत्रा दम लागल्यासारखा कण्हत होता. भटारखाना बोळाच्या टोकाला होता; दोघेही आत शिरले. पातेलं चुलीच्या कठड्यात घट्ट बसलेलं. व्हर्लिनने ते हिसडा देऊन काढलं आणि कमरेच्या जाळीत टाकलं, एवढ्यात वरचं फडताळ निखळलं आणि सगळा गाळ एकदम अंगावर आला.

विजेरीचा उजेड आधी पिवळा झाला, मग तपकिरी, मग नाहीसाच झाला. व्हर्लिन घाबरली नाही. दोरी हातात होती. तिने दाराकडे तोंड वळवलं आणि पाय मागे करून वाट पाहिली. क्षणभराने पोटरीवर केस्टरचा हात बसला, नेहमीसारखा, अंगठा हाडाच्या कडेला. तिला हायसं वाटलं आणि ती दोरी चाचपत परत निघाली.

थोडं पुढे गेल्यावर हाताने एकदा दाबलं. थांब.

ती थांबली. त्याची टाकी कशात तरी अडकली असेल. मागून ढकलल्याची खूण येईना. अंधारात तिचा स्वतःचा श्वास तेवढा खरखरत होता, आणि त्या नळीतल्या कोरड्या, रबरी हवेला एकाएकी कांदा परतल्याचा वास येऊ लागला. तिने मन घट्ट केलं आणि जरा पुढे सरकली. पुन्हा दाबलं. थांब. या वेळी जोरात.

हवेचा काटा मास्कच्या काचेला भिडवून तिने कसाबसा पाहिला. तो लाल पट्टीला टेकत होता. आता थांबलो तर दोघेही इथेच राहू, एकदा दारापाशी पोचलो की त्याला ओढून काढता येईल, असा हिशेब करून ती निघाली. हात दाबत होता, पुन्हा पुन्हा, काहीतरी विनवल्यासारखा. मग बोटं पोटरीवरून घोट्यावर घसरली आणि सुटली.

समोर दाराचा निळा चौकोन दिसत होता. बाहेर येऊन ती वळली. दारातून राखाडी गाळ दाटून बाहेर येत होता आणि त्यात कुणी नव्हतं.

त्या क्षणी तिच्या मनात जे आलं ते साधं होतं. याच्याशिवाय मी वर जाणार नाही. टाकीत परत फिरण्यापुरतीही हवा नव्हती हे तिला कळत होतं, तरी तिने दोरी धरली आणि पुन्हा आत शिरली. बोळ मघापेक्षा अरुंद वाटला. भिंती खांद्यांना लागत होत्या. तिने हात पुढे करून गाळात चाचपलं, एकदा, दोनदा, आणि एक हात तिच्या हातात आला. त्याने तिची बोटं अलगद धरली. तिने जीव खाऊन ओढलं आणि तो सहज आला, कुठेही न अडकता, जणू निघायची वाटच बघत होता.

बाहेरच्या उजेडात तिने पाहिलं. केस्टरच होता. मास्कमागचे डोळे शांत. आपली हवा संपल्याची खूण तिने केली, त्याने आपली जादा नळी तिच्यापुढे केली, आणि ती तोंडात धरताना तिची नजर त्याच्या काट्यावर गेली. केस्टर नेहमी तिच्याआधी टाकी संपवायचा. आज त्याची टाकी जवळजवळ भरलेली होती.

होडीत बसल्यावर ती रडली, त्याला बिलगली, मग रागावली. "थांब थांब काय करत होतास रे मागून? मी मेले असते."

त्याने जरा विचार केला. "मी मागे नव्हतो," तो म्हणाला. "मी तिथेच बसलो होतो... चुलीपाशी."

त्यापुढे तो बोलला नाही. घाबरला असेल, असं ती सगळ्यांना सांगत राहिली. पण आठवडा सरत आला तरी केस्टरची एक थट्टा नाही, एक टोमणा नाही. सकाळपासून पडवीत बसून तो तांतीच्या घराकडे बघायचा. जेवायला वाढलं की दोन घास घ्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि ताट सारायचा. व्हर्लिन रात्री त्याच्या छातीवर हात ठेवून पडायची. छाती हलते की नाही, हे तिला तपासावंसं वाटायचं आणि तिची हिंमत व्हायची नाही.

शनिवारी दगड बसला. पातेलं पुरलं, ढोल वाजले, बोकड शिजला. प्रत्येक दगडाच्या जेवणाला मेलेल्यांचं ताट वेगळं वाढतात. त्यात मिठाचा कण घालत नाहीत, कारण मेलेल्यांना मीठ चालत नाही. आतल्या खोलीत पांढऱ्या कापडाच्या टेबलावर ते ताट ठेवायचं, दार लोटायचं आणि आत कुणी पाऊल टाकायचं नाही.

पंगतीत केस्टर दिसेना. त्याला शोधत व्हर्लिन त्या खोलीपाशी आली. दाराशी तांती इस्मे खुर्ची टाकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान व्हर्लिनने कधी पाहिलं नव्हतं.

"जेवतोय तो," तांती हळूच म्हणाली. "किती वर्षांनी पोटभर जेवतोय. जेवू दे गं."

"कोण, तांती?"

तांतीने हात लांबवून दार तेवढं उघडून दिलं.

केस्टर टेबलाशी बसला होता. मेलेल्यांचं ताट ओढून घेऊन, मान खाली घालून, दोन्ही हातांनी जेवत होता. भाताचे गोळे, मटण, मक्याचा घाटा, सगळं. व्हर्लिन समोरच्या खुर्चीवर बसली. काही झालं तरी तो तिचा नवरा होता. त्याला समजावून घरी न्यायचं, दार लावून घ्यायचं आणि पुन्हा कधी समुद्राचं नाव काढायचं नाही, असं तिने ठरवलं.

तिच्यामागे दार लोटल्याचा आवाज झाला.

तेवढ्यात टेबलाखाली तिच्या पोटरीवर एक हात बसला. थंड, ओला. अंगठा हाडाच्या कडेला. ही पकड तिच्या पायाला पाठ होती. इतकी वर्षं व्हर्लिन या पकडीच्या भरवशावर अंधारात शिरत आली होती. हाताने एकदा दाबलं. थांब, मी अडकलोय.

समोरचे दोन्ही हात ताटात होते.

"केस्टर..." ती अगदी हळू म्हणाली.

समोरच्या माणसाने मान वर केली नाही. तो जेवत राहिला. टेबलाखालच्या हाताने मात्र पुन्हा दाबलं, या वेळी जोरात.