विंगेतली मावशी

नाटकात काम करणाऱ्या लहान पोरीला पाठांतरापेक्षा विंगेतल्या माणसाचा आधार जास्त. माझा आधार म्हणजे माझी सख्खी मावशी. नाटकाचं बाड घेऊन ती काळ्या पडद्याआड स्टुलावर बसायची, तोंडात कायम लवंग. मी अडखळायच्या आतच तिची कुजबुज कानाशी यायची. "मावशी आहे ना, मग झालं तर," आई म्हणायची.

एकदा एक सिनेमावाले खास मला बघायला पहिल्या रांगेत येऊन बसले. हरवलेली मुलगी परत येते आणि घराच्या बंद दारापुढे उभी राहते, हा माझा हातखंडा प्रवेश. त्या दिवशी दारापुढे उभी राहिले आणि वाक्यच गेलं. विंगेकडे कान लावला. तिकडून काही आलं नाही. कुणी खोकलं, कुणी हसलं. शेवटी पडदा पाडला.

"मी घसा फोडून सांगत होते," मावशी म्हणाली. "पोरीचं ध्यान असेल तर शपथ!"

आईने माझ्या थोबाडीत दिली. ते काम मावशीच्या धाकट्या लेकीला मिळालं, पाठोपाठ सिनेमाही. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. सिद्ध होत नाही ते मानू नका, असं मुलांना सांगायचे आणि मनात यायचं, माझाच कान फुटका होता का?

मावशी जाऊनही आता बरीच वर्षं लोटली. मध्यंतरी आमचं ते जुनं थिएटर पाडायचं ठरलं. निरोपाच्या कार्यक्रमात मी आणि मावशीची ती लेक, आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी तोच प्रवेश करावा, ही व्यवस्थापकांची हौस. मी मुलगी, ती दाराआडची आई.

तालमीच्या दुपारी रंगपटात ती केसांना पिना लावत होती.

"ताई, माझी आई त्या दिवशी विंगेतून बोललीच नव्हती."

चष्मा माझ्या हातातच राहिला.

"मी तिच्या मांडीवर होते. तुझं वाक्य मला येत होतं. मी सांगणार, तर तिनं माझं तोंड दाबून धरलं. अंगठी रुतली होती गालात."

"आणि हे आज सांगतेस?"

"तू विचारलंस कधी?" ती हसली. "आता आईला कोण घाबरतंय! कार्यक्रमात सगळ्यांसमोर सांगते, बघच तू."

रागावण्याआधी मला हायसं वाटलं. कान शाबूत होता माझा.

स्टेजवर नुसतं दार उभं केलं होतं. ती त्यामागे खुर्चीत बसली, व्यवस्थापक समोर रिकाम्या रांगांत. विंगेत कुणी नव्हतं. स्टूलही नव्हतं. मी आधीच पाहून घेतलं होतं.

मी दारापुढे उभी राहिले. आयुष्यभर मनात घोकलेलं वाक्य पुन्हा गेलं.

लवंगेचा वास आला.

मग विंगेतून, अगदी नेहमीसारखी, कुजबुज आली. "दार उघड. मी परत आलेय."

जिभेनं सवयीनं उचललं. मी म्हटलं.

पलीकडून उत्तर नाही.

"बाई, तुमचं वाक्य," व्यवस्थापक म्हणाले.

मी दार ढकललं. ती ताठ बसली होती. डोळे विस्फारलेले. गळा हलत होता, आवाज फुटत नव्हता.

या वयात वाचा जाते कधीकधी, डॉक्टर म्हणतात. हातही उचलवत नाही तिला. गालावरचा अंगठीएवढा वळ खुर्चीचा असेल, म्हणतात.

मी रोज तिच्याकडे जाते. दार लावून घेते आणि म्हणते, "सांग ना गं, एकदा तरी."

ती तोंड उघडते. आतून फक्त लवंगेचा वास येतो.