वाढता माळ

साखळी वापरून वापरून लांबते, हे आमच्या मोजणीखात्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कड्या ताणल्या जातात, सांधे झिजतात आणि मोजणी चुकते. म्हणून कुठल्याही कामाला निघण्याआधी राजवाड्याच्या अंगणात जायचं, तिथल्या फरशीत बसवलेल्या दोन पितळी खुणांमध्ये साखळी ताणून बघायची आणि वाढली असेल तर ठोकून आखूड करायची. त्या सकाळीही पदर खोचून मी आणि माझा धाकटा भाऊ अंगणात उकिडवे बसून तेच करत होतो. टोकाची एक मूठ माझ्या हातात, दुसऱ्या टोकाची त्याच्या. साखळी खुणांना तंतोतंत लागली.

भावाला सगळं खातं ढांग्या म्हणायचं. पाय लांब, त्यामुळे साखळीच्या पुढच्या टोकाला कायम तोच आणि मागच्या टोकाला मी. काम होतं आमच्या डोंगरातल्या शहरापासून तळ्याकाठच्या शहरापर्यंतचा रस्ता मोजण्याचं. मध्ये नुसता माळ आहे. डोक्यावरून जाणारं गवत, औषधालाही झाड नाही आणि राज्य ना आमच्या राजाचं, ना त्यांच्या राजाचं. हे दोन राजे एकमेकांचे साडू. हिवाळ्यापासून गाडीवाले बोंबलत होते की माळावरचा रस्ता लांबलाय, आणि साडूनेच हद्दीत काहीतरी लबाडी केली असा दोघांनाही संशय होता. जमीन कमी झाली असती तर भांडायला सोपं होतं. ही वाढत होती, आणि वाढलेल्या जमिनीबद्दल कोणाच्या नावाने खडे फोडायचे हे दोन्ही दरबारांना कळेना.

"गाडीवाले वाटेत लोळत पडतात आणि खापर रस्त्यावर फोडतात," मोजणीप्रमुख म्हणाले. "मोजून या, म्हणजे त्यांची तोंडं बंद होतील."

मलाही तसंच वाटत होतं. पण खरं सांगायचं तर मला रस्त्याशी देणंघेणं नव्हतं. आमची ताई त्या तळ्याकाठच्या शहरात दिलेली. तिचे दिवस भरत आले होते आणि गाडीवाल्यांबरोबर हमखास येणारा तिचा निरोप हिवाळ्यापासून आलाच नव्हता. आई अंथरुणाला खिळलेली. निघताना तिने आम्हा दोघांचे हात धरून ठेवले.

"मोजणी गेली खड्ड्यात. आधी ताईला गाठा," ती म्हणाली. "आणि दोघं बरोबर परत या."

"तिघं येतो," ढांग्या म्हणाला. "भाच्याला खांद्यावर घेऊनच येतो."

वेशीजवळ एक म्हातारा गाडीवाला बैल सोडून बसला होता. मी विचारलं, "काका, आज गाडी नाही जोडली?"

"बंद केली. परत येताना काही त्रास नाही हो. दिवस मावळायच्या आत घरी. जातानाच तेवढं..."

"मग सोपं आहे," ढांग्या म्हणाला. "जायचंच नाही, नुसतं परत यायचं!" म्हातारा हसला नाही. आम्ही दोघं मात्र पोट धरून हसलो.

माळावर पुढचा माणूस मागच्याला दिसत नाही. म्हणून पद्धत अशी, की पुढचा साखळी घेऊन गवतात शिरतो, ती पुरती ताणली की लोखंडी मेख ठोकतो आणि "लागली!" म्हणून ओरडतो. मागच्याने हाताला ताण लागलाय याची खात्री करायची, आपल्या पायाजवळची मेख उपटायची, "सुटली!" म्हणून ओरडायचं आणि पुढच्या मेखेपर्यंत चालायचं. आधी ताण, मग मेख. हाताने हो म्हटल्याशिवाय नुसत्या आवाजावर मेख उपटायची नाही, हे आम्हाला कामावर घेतल्या दिवशी शिकवतात.

पहिला दिवस मजेत गेला. संध्याकाळी आम्ही माळावरच्या एकुलत्या एक उंचवट्यावर पोहोचलो. तिथून तळ्याकाठच्या शहराचा पांढरा मनोरा स्वच्छ दिसला. त्याच्या माथ्यावरच्या काचा उन्हात चमकत होत्या, खालची घरांची छपरंसुद्धा ओळखू येत होती.

"त्यातलं तांबडं ताईचं," ढांग्या म्हणाला. "उद्या दुपारी तिच्याकडे जेवायला."

दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडल्यापासून मोजत होतो. दुपारी त्याने मला खांद्यावर उभं केलं. मनोरा दिसला, पण छपरं दिसली नाहीत. उंचवट्यावरून खाली उतरलो म्हणून तसं होत असेल, असं मी त्याला सांगितलं आणि स्वतःलाही. संध्याकाळी पुन्हा पाहिलं तर मनोरा सुईएवढा उरला होता. मी खाली उतरले आणि त्याला म्हणाले, "धुरळा आहे." त्याने मान डोलावली. आमच्या अंगावर धुरळ्याचा कणही नव्हता.

त्याच्या पुढच्या दिवशी मला आवाजाचं जाणवलं. हाताला ताण लागायचा आणि "लागली!" नंतर यायचं. आधी एखादा श्वास घेण्याइतकं नंतर, मग त्याहून उशिरा. साखळी एवढीशी. तिच्या त्या टोकाला माणूस खोकला तरी या टोकाला लगेच ऐकू येतं.

"झोपा काढतोस का रे?" मी ओरडले.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "लगेच तर ओरडतोय! तुझीच 'सुटली' उशिरा येतेय."

"परत जायचं का?"

पुन्हा तेवढाच वेळ गेला. "आईला काय सांगायचं मग?"

आम्ही मोजत राहिलो.

दुपार टळटळीत होती. घामाने मूठ हातातून निसटत होती, म्हणून मी ती पायाजवळच्या मेखेत अडकवली आणि पदराने तोंड पुसायला लागले. तेवढ्यात "लागली!" आलं. मी मेख उपटली, "सुटली!" म्हटलं आणि मग मूठ हातात घेतली.

साखळी सैल होती.

मी थोडी ओढली. ती आली. आणखी ओढली, आणखी आली. गवतातून सळसळत सगळी साखळी माझ्या पायाशी गोळा झाली आणि शेवटी पुढची मूठ आली. त्याच्या तळहाताच्या उबेने ती अजून कोमट होती.

"ढांग्या! साखळी का सोडलीस?"

"सोडली कुठे? हातात आहे माझ्या."

मी साखळी गोळा करून खांद्यावर टाकली. "जागेवरून हलू नकोस. मी येते."

"मेखेजवळच बसलोय. ये."

मी पळाले. गवताने तोंड ओरबाडलं, हात रक्ताळले. साखळी जेवढी लांब असते त्याच्या कितीतरी पट पळाले. मेख दिसली नाही, दबलेलं गवतही दिसलं नाही. त्याचा आवाज मात्र समोरूनच येत होता, नाकासमोर, आणि आधीपेक्षा बारीक.

"अगं, तू मागे का चाललीस?"

"मी तुझ्याकडेच येतेय!"

"मग आवाज लांब का जातोय तुझा?"

मी थांबले. माती हाताने घट्ट धरून खाली बसले. "आता मी बसलेय. तूही बस. दोघांनीही अजिबात हलायचं नाही."

"मी बसलेलोच आहे गं."

आम्ही बसून राहिलो. वारा नव्हता. गवताचं एक पातंही हलत नव्हतं.

"आहेस का?" मी विचारलं.

"आहे."

"आहेस?"

"आहे." हे शेजारच्या गल्लीतून आल्यासारखं वाटलं.

"आहेस का रे?"

खूप वेळाने, डासाच्या गुणगुणीएवढं काहीतरी आलं. "ताई दिसली तर..." असं होतं बहुतेक. पुढचं ऐकू आलं नाही.

मी घसा फाटेपर्यंत ओरडले. नंतर ओरडणंही जमेना, तेव्हा तिथेच पडून रडले. मग वळले, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. थोडंसंच चालले असेन, तर गवत संपलं आणि आमची वेस समोर उभी राहिली. सूर्य अजून डोंगराच्या वरच होता. म्हातारा गाडीवाला तिथेच बसला होता. त्याने माझ्या मागे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

मोजणीप्रमुखांनी साखळी अंगणात ताणून पाहिली. खुणांना ती तंतोतंत लागली. "साखळीत दोष नाही," ते म्हणाले. भावाचं नाव न घेता त्यांनी साखळी गुंडाळून आत नेली. मी पुन्हा गेले, शिपाई घेऊन, कमरेला दोर बांधून. पहिल्या खेपेला उंचवटा लांबून दिसला, पण तिथवर पोहोचता आलं नाही. नंतरच्या खेपेला तोही दिसला नाही. आता शिपाई यायला तयार नाहीत, आणि राजांचं भांडणही थंडावलंय, कारण त्या राजाकडून भांडणाचा निरोपच येत नाही.

आईला मी सगळं सांगितलं. तिच्याशी खोटं बोलणं मला कधीच जमलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. नंतर एवढंच म्हणाली, "तू तरी जवळ राहा."

मी खातं सोडलं. घरातच असते. आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या शिंपीणबाई आपल्या खिडकीतून हात लांब करून आमच्या खिडकीत मीठ-मिरची देतात. परवा त्यांचा हात पुरला नाही. कमरेपर्यंत बाहेर वाकल्या तरी बोटाला बोट लागेना. "वय झालं बघ माझं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. मग खिडकी लावून घेतली आणि आईला काही सांगितलं नाही.

आईच्या छातीत कफ साठतो, म्हणून वैद्याने तिला उकळतं पाणी फुंकून फुंकून प्यायला सांगितलंय. तिला थांबावं लागू नये म्हणून मी चूल तिच्या खाटेला अगदी लागून मांडली आहे. आज सकाळी खळखळ उकळणारं पाणी पेल्यात ओतलं, पदराने पेला धरला आणि तिला नेऊन दिला. तिने तो ओठाला लावला.

"गार झालंय गं," आई म्हणाली. तिचा आवाज लांबून आला.