दोन्हीकडे दीड-दीड इंच

पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली शिवणकामाची टेप सुताराच्या टाळक्यात बसली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. टेपच्या टोकाला वजन म्हणून बॉबिन बांधलेली होती. लागलं बेताचंच, पण टक्क असा आवाज मात्र छान झाला.

"अहो, हलू नका," वरून एक बारीक आवाज आला. "माप चाललंय."

तो हलला नाही. टेपचं टोक चिमटीत धरून त्याने वर पाहिलं. "दोन टेपा बांधल्यास ना एकीला एक? मग गाठीत दोन इंच गेले. ते वजा कर." आणि मग जरा मोठ्याने, "अहो मावशी, पोर बाहेर लोंबतेय. आत घ्या तिला."

गल्लीत नुकतंच दुकान थाटलेल्या त्या बिचाऱ्याला एवढंच ठाऊक होतं, की वरच्या शिवणवालीला सगळे मावशी म्हणतात. खिडकीत जो चेहरा आला तो पंचविशीचा होता. ओठांत चार टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या, पदराला टोचल्या आणि मग विचारलं,

"मी तुमची मावशी दिसते?"

"नाही... खालून नीट दिसलं नव्हतं."

"आता दिसलं?"

"दिसलं," तो म्हणाला. टेप अजून त्याच्या हातातच होती. सोडायची असते हे त्याला आठवत नव्हतं, आणि ओढून घ्यावी हे तिलाही जरा उशिराच सुचलं.

त्या वर्षी मुलांच्या तापाची साथ आली होती आणि शाळांना कुलपं लागली होती. शाळेने आपलं काम एका कागदावर उरकलं. फाटकावर तो कागद डकवला होता: मुलांचा अभ्यास घरी घ्यावा, शाळा उघडण्याआधी बाई घरोघरी येऊन तोंडी परीक्षा घेतील, जे मूल मागे पडेल ते त्याच वर्गात बसेल. ज्याने हा कागद लिहिला त्याच्या घरी मूल नसावं, असं मावशीचं स्पष्ट मत होतं.

तिच्या घरी मूल होतं. बहिणीची मुलगी, वय वर्षं नऊ. बहीण नर्स. ताप घरी यायला नको म्हणून ती हॉस्पिटलातच मुक्काम ठोकून होती आणि जाताना लेक धाकट्या बहिणीच्या हवाली करून गेली होती. पोरीला घरात भुंगा म्हणायचे, कारण ती दिवसभर कानाशी प्रश्न गुणगुणत असे. दोरा संपला हे मशीनला कसं कळतं? कैची मध्येच का जोडलेली असते? आणि इकडे मावशीच्या डोक्यावर हॉस्पिटलच्या साठ झग्यांचं काम.

पहिल्या आठवड्यात तिने पुस्तक उघडून शिकवून पाहिलं. अपूर्णांकांपाशी गाडी अडली. भुंगा रडली, मग मावशी ओरडली, मग भुंगाने पुस्तक मशीनखाली टाकलं, आणि ते काढायला वाकलेल्या मावशीचं डोकं मशीनच्या पायट्यावर आपटलं. त्यानंतर ती जमिनीवरच बसून राहिली. ओरडण्यामागे रागापेक्षा भीती जास्त होती, हे पोरीला कोण सांगणार? मावशी बारा वर्षांची असताना तिचीही शाळा अशीच एका साथीत बंद पडली होती. चार महिन्यांनी सगळ्यांसाठी उघडली. तिच्यासाठी उघडली नाही, कारण तोवर घरच्यांना तिच्या हातच्या शिलाईची सवय झाली होती. पुस्तकातले अपूर्णांक तिला येत नव्हते ते म्हणूनच.

शेवटी वैतागून तिने पुस्तक मिटलं आणि टेप पोरीच्या गळ्यात घातली. "घे. दिसेल ते मोज. मोजलंस की लिही. पण मला विचारू नकोस." तिला वाटलं, अर्धा दिवस तरी शांतता मिळेल. मिळाली कुठली? भुंगाने मशीन मोजलं, उशी मोजली, झोपलेल्या मांजराची शेपटी मोजली आणि मग गल्लीचं माप घ्यायला खिडकीत गेली.

कोनाड्यात रिळं ठेवायला एक फळी हवी होतीच, ती मावशीने त्या टेपवाल्या सुतारालाच सांगितली. सुतार दारात उभा राहून माप मागत होता, मावशीच्या हाताखाली बाही अर्धी लागली होती, म्हणून तिने भुंगालाच पिटाळलं. भुंगाने कोनाडा मोजला, कागदावर आकडा लिहिला आणि ऐटीत त्याच्या हाती दिला.

दोन दिवसांनी फळी आली. सुंदर रंधा मारलेली, कडा गोल केलेली. कोनाड्यात मात्र जाईना. तब्बल तीन इंच जास्त.

सुताराने कागद पाहिला, भिंत पाहिली, कागद पुन्हा पाहिला. "एकोणचाळीस लिहिलंयस. कोनाडा तर छत्तीस आहे."

"छत्तीसच आहे," भुंगा शांतपणे म्हणाली. "आणि दोन्हीकडे दीड-दीड दाबासाठी. मावशी म्हणते, दाब सोडल्याशिवाय कापायचं नाही."

मावशीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. शिवणीत दुमडायला जास्तीचं कापड सोडायचं, हे तिनेच मापाच्या दिवशी सकाळी पोरीकडून तीनदा घोकून घेतलं होतं. सुतार हसला असता तर तिने त्याला सरळ जिन्यावरून खाली धाडलं असतं. पण तो हसला नाही, म्हणून तिला अधिकच राग आला.

"जास्त आहे ते बरं," तो फळी थोपटत म्हणाला. "कमी पडली असती तर पंचाईत होती. काढतो हळूहळू. भिंत जुनी आहे, वाकडी असणार. एकदम कापून चालायचं नाही."

मग तो रोज दुपारी येऊ लागला. रंधा घ्यायचा, फळीच्या टोकाचा थोडासा भुसा काढायचा, कोनाड्याला लावून बघायचा आणि मान हलवायचा. अजून नाही. हवा दमट आहे, लाकूड फुगलंय, अशी कारणं सांगायचा. खिडकीबाहेर खरंच पावसाची भुरभुर पडत असायची, त्यामुळे मावशी ते खोटं आहे असं म्हणू शकत नव्हती. घरभर लाकडाचा गोडसर वास भरून राहायचा आणि पांढऱ्या झग्यांवर भुसा पडायचा. मावशी झटकायची, पुटपुटायची. एवढीशी फळी, आठवडा लागतो माणसाला. माझे झगे असे शिवले असते तर पेशंट बरे होऊन घरी गेले असते!

तो ऐकून घ्यायचा आणि भुंगाकडे वळायचा. इंचाचे आठ सूत, हे त्याने तिला पट्टीवर बोट ठेवून दाखवलं. गुण्या लावून काटकोन दाखवला, ओळंबा सोडून भिंत सरळ कशी तपासायची ते शिकवलं. पोळी चार जणांत कशी वाटायची यावरून मावशीने सुरुवात केली होती. त्याच पोळीचे त्याने सोळा तुकडे करायला लावले, आणि कोणाच्या वाट्याला किती आले यावरून तिघांचं भांडण झालं. आईला पाठवायच्या चिठ्ठीत भुंगाने ते भांडण दीड पान लिहिलं.

मावशी मशीनवरून मान वर करायची नाही. पण तो आला नसेल तोवर तिची शिलाई वाकडी जायची, आणि तो आला की मशीन उगाचच भरधाव सुटायचं. तिच्याशी बोलताना तो अडखळायचा. "ते... आपलं... पाणी मिळेल का?" हाक अशी मारायचाच नाही. ती मात्र दिवसातून दहादा म्हणायची, "अहो मिस्तरी, भुसा!" "अहो मिस्तरी, किती वेळ!"

आठव्या दुपारी तो रंधा मारतच होता, तेवढ्यात शाळेच्या बाई आल्या. हातात छत्री आणि वही, चेहऱ्यावर दिवसभर जिने चढल्याचा त्रास. मावशीने बाही तशीच मशीनवर सोडली. बाईंनी पुस्तक उघडून अपूर्णांकांचं एक उदाहरण विचारलं. भुंगा, जिचं तोंड झोपेतही बंद नसे, ती गप्प. दुसरं विचारलं, तरी गप्प. बाईंची पेन्सिल वहीतल्या नावावर टेकली, आणि मावशीला ते शाळेचं बंद फाटक पुन्हा समोर दिसलं.

"बाई, माझं चुकलं," ती घाईने म्हणाली. "पुस्तकातलं मलाच येत नाही. तिला मागे बसवू नका. ती... तिने पुष्कळ केलंय. तिची वही तरी बघा."

बाईंनी वही घेतली आणि चष्मा वर सरकवून मोठ्याने वाचायला लागल्या.

"पहिला दिवस. फळी एकोणचाळीस इंच, चोवीस सूत जास्त. मिस्तरींनी दोन सूत काढले. दुसरा दिवस. पुन्हा दोन सूत." बाईंनी पान उलटलं. "सातवा दिवस. सात दुणे चौदा सूत गेले, म्हणजे पावणेदोन इंच. उरले दहा, म्हणजे सव्वा इंच. रोज दोन काढले तर मिस्तरी अजून पाच दिवस येणार. भिंतीला मी ओळंबा लावला. भिंत सरळ आहे. मिस्तरींकडे करवत आहे, तिने एका घावात तीन इंच कापले जातात, मी खिडकीतून पाहिलंय. ते तसं का करत नाहीत, हे गणिताने निघत नाही."

रंधा थांबला. मशीन तर आधीच थांबलं होतं.

बाईंनी वही मिटली. त्यांच्या तोंडाचे कोपरे हलत होते. "पोर पुढच्या वर्गात गेली," त्या म्हणाल्या. "पुस्तकाची भीती मी काढीन. हिला शिकवायला जे कोणी बसलं, त्याला सांगा, छान बसलं." सुताराकडे एकदा नीट पाहून त्या छत्री टेकत खाली उतरल्या.

मावशीने डोळे पुसले आणि त्याच पदराने घाम पुसल्यासारखं केलं. मग ती वळली.

"भिंत वाकडी आहे?"

तो भुशाकडे बघत राहिला. "सरळ आहे."

"माझे साठ झगे भुशाने भरले. रोज झाडून झाडून कंबर मोडली. आणि तुमच्याकडे करवत होती."

"करवत लावली असती तर त्याच दिवशी काम संपलं असतं."

"मग?"

"मग... वर यायला कारण काय उरलं असतं?"

"कारण कशाला लागतं?" ती इतकी वैतागली की आवाज चिरकला. "तोंड दिलंय ना देवाने?"

"दिलंय. पण पहिल्याच दिवशी त्याच तोंडाने तुम्हाला मावशी म्हणून बसलो. तेव्हापासून काय हाक मारावी तेच ठरत नाही."

तो खाली जाऊन करवत घेऊन आला, भुंगाने पेन्सिलीने आखलेल्या रेघेवर एकदाच चालवली, आणि फळी कोनाड्यात अशी बसली की जणू भिंतीबरोबरच बांधली होती. त्याने हत्यारं पिशवीत भरली. क्षणभर उंबऱ्यात थांबला... आणि गेला.

जिन्यावरची पावलं कमी कमी होत गेली. भुंगा कोऱ्या पानावर लिहीत होती: आठवा दिवस, दहा सूत, काम संपलं. मावशीने ते उलट्या बाजूने वाचलं आणि ताडकन उठून खिडकीत गेली.

"अहो!"

तो गल्लीच्या मधोमध थांबला. वर पाहिलं. समोरच्या लोहाराच्या दुकानात चाललेली ठोकाठोकी थांबली, दोन खिडक्या उघडल्या. भुरभुर त्याच्या केसांवर साचत होती आणि तो जागचा हलत नव्हता, अगदी त्या पहिल्या दिवसासारखा.

भुंगाने तिचा पदर ओढला. "मावशी, पुढचं 'मिस्तरी' राहिलं."

"राहू दे," मावशी म्हणाली.