चंद्राला ओवाळणारी

"अहो, पण संजूतायचा भाऊ तर लहानपणीच वारला!"

जिन्याखालून आलेले शेजारच्या माधुरीचे हे शब्द कानावर पडले आणि गॅलरीत निरांजनाचं तबक घेऊन उभी असलेली संजीवनी चटकन पुढे झाली. तिने कठड्यावरून खाली पाहिलं. पहिल्या पायरीशी, हातात कापडी पिशवी घेऊन पंकज उभा होता... तिचा सख्खा, धडधाकट, जिवंत भाऊ!

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. पण शहापुरातल्या भाड्याच्या खोलीची गॅलरी, ती कुठली दुभंगायला!

सहा वर्षं ती या चाळीत एकटी राहत होती. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची, आणि दिवाळीच्या सुट्टीत मुली आपापल्या गावी गेल्या की एकटीच आपले सण मांडायची. चतुर्दशीच्या पहाटे पाठीला हात पोचत नाही म्हणून उटणं पंच्याला फासून दोन्ही हातांनी पाठ घासायची. मोरीच्या उंबऱ्यावर पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायची. करंज्या मोजून पाच करायची, त्यातली एक मोडून खाताना दार आतून लावून घ्यायची. आणि भाऊबीजेला रिकाम्या पाटाभोवती रांगोळी काढून चंद्राला ओवाळायची. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावं, अशी रीतच आहे. मात्र हिला भाऊ होता, त्यांच्या गावी, शेणव्यात होता, तासाभराच्या वाटेवर होता!

पहिल्याच वर्षी माधुरीने विचारलं होतं, "ताय, तुमाला भाऊ नाय का गो?"

आणि संतापाने जळत असलेल्या संजीवनीच्या तोंडून निघून गेलं होतं, "नाय. लहानपणीच गेला."

माधुरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने आपल्या घरातले अनारसे आणून दिले, आणि तेव्हापासून दर भाऊबीजेला ती आणतच राहिली. ते मायेने आणलेले अनारसे संजीवनी न खाता झाकून ठेवायची. ज्या दिवशी बहिणीने भावासाठी आयुष्य मागायचं, त्या दिवशी आपण त्याला मारून मोकळ्या झालो... हे शल्य तिचं अंतःकरण पोखरत होतं. पण खरं सांगायला जीभ उचलत नव्हती. चाळीने तिला किती मान दिला होता!

आणि संताप तरी कशाचा? आई गेली तेव्हा पंकज सहा वर्षांचा आणि ती एकोणीसची. किन्हवलीचं ठरत आलेलं स्थळ तिने मोडलं, भाताची लावणी केली, पाखडलेल्या तांदळाचा भात रांधून त्याला शाळेत धाडलं. त्याचं लग्न झालं, अनिता घरात आली. त्या दिवाळीत तो अनिताला तिच्या भावाकडे मुरबाडला घेऊन गेला आणि भाऊबीजेला तिथेच मुक्कामाला राहिला. इकडे ही बिचारी निरांजन विझेपर्यंत पाटासमोर बसून! दुसऱ्या दिवशी तो परतल्यावर ती नको ते बोलली, आणि तोही ताडकन बोलून गेला, "तुला कोनी सांगितलेलं लग्न मोडून थांबायला? मी सांगितलेलं?"

त्याच दुपारी ती पिशवी भरून एसटीत बसली होती.

आता खाली उभ्या असलेल्या पंकजने वर पाहिलं. बहिणीच्या हातातलं तबक, तिचा पांढराफटक चेहरा, समोर मावळतीला टेकलेली चंद्राची बारीक कोर... त्याला सगळं कळलं. त्याने नजर खाली वळवली.

"बरोबर हाय तुमचं," तो शांतपणे माधुरीला म्हणाला. "मी चुलतभाऊ त्यांचा. शेणव्याचा. सणाचा फराळ द्यायला आलो."

संजीवनीच्या काळजात कळ उठली. तिच्या एका खोट्याची अब्रू राखायला त्याने आपलं नातंच सोडून दिलं होतं! ज्याला तिने हाताने भरवलं तोच आज तिला सांभाळून घेत होता, आणि तिने गप्प राहायचं होतं, एवढंच... गप्प राहिली असती तर चाळीतला मान राहिला असता. पाटावर चुलतभाऊ बसला असता आणि कुणाला काही कळलं नसतं.

पंकज पायऱ्या चढून वर आला. त्याने पिशवी दाराशी ठेवली आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. मागोमाग माधुरी अनारशांची वाटी घेऊन आली.

"हे अनिताने दिलंय," तो हळूच म्हणाला. "मी निंगतो, ताय. तुझा ओवाळायचा टाइम मोडला मी."

"थांब!"

तिचा आवाज एवढा मोठा निघाला की शेजारची दारं उघडली.

"माधुरी, ऐक गो. सगळी ऐका! ह्यो चुलतभाऊ नाय. ह्यो माझा सख्खा भाऊ पंकज. मी... मी याला मेला म्हणून सांगितलं. सहा वर्सं तुमच्या सगळ्यांशी खोटं बोलले. जित्या भावाला मारला मी... या तोंडानी!"

ती ओक्साबोक्शी रडू लागली. तबक तिरकं झालं, सुपारी घरंगळत गेली. पंकजने पुढे होऊन तबकाखाली हात धरला.

"नको गो, ताय... त्या दिवशी मी जे बोललो ना, तेव्हाच तुझा भाऊ गेलेला. तू काय खोटं बोललीस? एवढी वर्सं तोंड दाखवायला लाज वाटली मला."

 माधुरीच्या चेहऱ्यावर दुखावल्याची खूण स्पष्ट होती, आणि संजीवनीने ती खाली मान घालून सोसली. मग माधुरीने वाकून सुपारी उचलली, पदराला पुसली आणि तबकात ठेवली.

"बसवा त्यांना पाटावर," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "माझ्या अनारशांचं नंतर बघू."

पंकज सहा वर्षं रिकाम्या राहिलेल्या पाटावर बसला. संजीवनीने त्याच्या कपाळावर टिळा लावला. काय मागावं तिला सुचेना. ज्या तोंडाने त्याला मेला म्हटलं होतं, त्याच तोंडाने ती पुटपुटली, "माझं उरलेलं आयुष्य याला दे रे, देवा."

"नको," डोळे मिटल्या मिटल्या तो म्हणाला. "मग पुढच्या वर्साला ओवाळणार कोन?"

ती रडता रडता हसली आणि ओवाळू लागली. गॅलरीतून दिसणारी कोर एव्हाना समोरच्या इमारतीमागे गेली होती, आणि ती बघायला बाहेर कुणी गेलं नाही.