डावी पापणी

शिवणाच्या दुकानात कापड बेतायचं काम तिचं. दिवसभर हातात कात्री, म्हणून सगळे तिला कातरबाई म्हणायचे आणि घरी नवराही तेच म्हणायचा. तो किल्ल्या बनवून द्यायचा. त्याचा गाळा रस्त्यापलीकडे, अगदी समोर. तिने मान वर केली की कानशीने किल्ली घासत बसलेला तो दिसायचा. आता यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण तिला त्यानेच बरं वाटायचं.

एका संध्याकाळी खडूची रेघ दोन झाली. कुठल्या रेघेवर कात्री घालायची? तिने घातली ती नेमकी खोट्या रेघेवर, आणि एका कोटाची अख्खी पाठ वाया गेली. पुढे हे रोजचंच झालं. सकाळी सगळं ठाकठीक असायचं. दिवस कलला की डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी खाली घसरायची आणि घरातलं सगळं दोन-दोन व्हायचं. दोन दिवे, दोन दारं, एका मांजराची दोन मांजरं.

"मग नवरेही दोन झाले असतील! चैन आहे बुवा तुझी," नवरा म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. "नाही हो. तुम्ही एकच आहात."

"वाचलीस. एकालाच सांभाळताना नाकी नऊ येतात तुझ्या."

दोघंही हसली. पण भिंतीवर घड्याळं दोन होती, आणि त्यांच्या खाली तो एकटाच बसला होता.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तिला छताकडे एकटक बघायला लावलं. बघता बघता पापणी उतरली. मग मिटल्या पापणीवर बर्फाची पिशवी धरली, थोड्या वेळाने काढली, तर पापणी पुन्हा वर.

"मायस्थेनिया ग्रेव्हिस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून ते लवकर दमतात. गोळ्या देते. वेळच्या वेळी घ्यायच्या, आणि गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला तर लगेच यायचं."

"आणि हे दोन-दोन दिसणं? चष्म्याने जाईल का?"

"तुमच्या दोन चित्रांमधलं अंतर तासातासाला बदलतंय. चष्मा कशाच्या मापाने बनवू? त्यापेक्षा एक डोळा झाका. दोन्ही डोळे जुळून फिरत नाहीत, म्हणून प्रत्येक डोळा आपापलं चित्र दाखवतो. एक झाकला की एकच उरतं."

हे ऐकलं आणि तिच्या मनात काहीतरी अडकलं. प्रत्येक डोळ्याचं एक चित्र, म्हणून वस्तू दोन. मग जो एकच दिसतो, तो किती डोळ्यांना दिसतो?

डॉक्टरबाईंनी तिचा उजवा डोळा झाकला. "समोर काय दिसतं?"

"खुर्ची. खुर्चीत आमचे हे."

मग डावा झाकला. "आता?"

खुर्ची होती. तिच्या रेक्झिनच्या गादीवर खळगा पडला होता, कुणी बसल्यावर पडतो तसा.

"सांगा ना, काय दिसतं?"

"खुर्ची," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी दोन काळ्या पट्ट्या दिल्या, एक वापरायला आणि एक जादा. उजवा डोळा चांगला आहे, काम त्यानेच करा, डावा झाकून ठेवा, असं बजावलं. दुसऱ्या दिवशी तिने तसंच केलं. रेघ एक झाली. कात्री लोण्यातून फिरावी तशी फिरली. दुपारी तिने मान वर केली. समोरचा गाळा उघडा होता, कानशीचा आवाज येत होता आणि आत कुणीच नव्हतं. डोळ्यांचेच खेळ, असं म्हणत ती पुन्हा कापडाकडे वळली.

संध्याकाळी दुकानाचे मालक म्हणाले, "कातरबाई, किल्लीवाले आज आले नाहीत का? कुलूप घेऊन दोनदा जाऊन आलो मी."

तो तिला एकटीलाच दिसेनासा झाला असता तर गोष्ट वेगळी होती. मालकांचे दोन्ही डोळे तर चांगले ठणठणीत होते.

"मी गाळ्यातच होतो की!" घरी तिने पट्टी काढल्यावर नवरा वैतागून म्हणाला. "मालकांनी हाक मारली, मी ओ दिली, तरी ते निघून गेले. बहिरे झाले की काय?"

त्या दिवसापासून तिने पट्टी उजव्या डोळ्यावर बांधली. झोपताना भीती नसायची. दोन्ही डोळे मिटले की सगळंच जातं, एकटा तोच मागे राहत नाही. भीती होती ती उजवा उघडा असताना डावा मिटण्याची.

मालक भेटले की त्याच्याशी पुन्हा बोलू लागले. तिची रेघ मात्र वाकडी जायला लागली. दमलेल्या डोळ्याने कापड कसं बेतणार? मालकांनी तिला बटणं लावायला बसवलं. इतक्या वर्षांची कात्री हातातून गेली. वाईट वाटलं, रडूही आलं तिला. तरी पट्टी तिने हलवली नाही.

"चुकीच्या डोळ्यावर बांधलीये तुम्ही," डॉक्टरबाई पुढच्या तपासणीत म्हणाल्या.

"मला अशीच बरी वाटते."

त्या दिवशी घरी आल्यावर ती खुर्चीत टेकली. तो समोर स्टूल ओढून बसला आणि तिच्या पापणीवर बर्फ धरला. पापणी वर आली. तो दिसला. तिला हायसं वाटलं.

"इतका काय जीव टांगणीला लावतेस?" तो म्हणाला. "मी कुठे पळून चाललोय?"

मग त्याने टेबलावरची जादा पट्टी उचलली. "बघू तरी, तुझ्या जगात कसं दिसतं ते." एका डोळ्यावर पट्टी चढवून त्याने छाती पुढे काढली. "काय, दरोडेखोर दिसतो का?"

तिला खुदकन हसू आलं.

तो हसला नाही. त्याने खुर्चीकडे पाहिलं. मग दाराकडे. मग स्वयंपाकघराकडे.

"अगं, कातरबाई? आत गेलीस का?"

तिचा गुडघा त्याच्या गुडघ्याला टेकलेला होता.

"ओ," ती म्हणाली. पुन्हा, मोठ्याने म्हणाली.

तो उठला आणि तिला शोधायला आत गेला.